तीन चित्रपट आणि त्यांतील भाषांचा प्रश्न

चित्रपटाचे परीक्षण करताना कथा, अभिनय, छायालेखन, संगीत असे एकेक कप्पे क्रमाने उघडण्याची आपल्याकडे रूढी आहे. भाषा हा कप्पा त्यांत बहुधा नसतोच. पात्रांचे बोलणे समजले म्हणजे भाषेचे काम संपले, आणि ते न समजले तर पडद्याच्या तळाशी उपशीर्षके आहेतच, असा एक सोयीस्कर समज ह्या रूढीच्या मुळाशी असतो. अलीकडे जे तीन चित्रपट पाहण्याचा योग आला, त्यांतील दोन प्रथमच व एक पुन्हा एकवार, त्यांच्यापुढे हा समज टिकत नाही. पायल कपाडिया ह्यांचा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’, चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘कोर्ट’ आणि रोहन परशुराम कानवडे ह्यांचा ‘साबर बोंडं’ हे ते तीन चित्रपट होत. तिन्हींची कीर्ती परदेशांतून इकडे आली. पहिल्यास २०२४ साली कान महोत्सवात ‘ग्राँ प्री’ हा सन्मान लाभला. दुसरा २०१४ साली व्हेनिस येथे गौरविला गेला व पुढे सर्वोत्कृष्ट कथाचित्राच्या राष्ट्रीय पारितोषिकाचा मानकरी ठरला. तिसऱ्याने २०२५ साली सन्डान्स महोत्सवातील जागतिक कथाचित्रांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. ह्या गौरवाबद्दल कोणाचाही आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी तो केला त्यांच्यापैकी बहुतेकांनी हे चित्रपट जितके पाहिले तितकेच वाचलेही, आणि त्यांना जे वाचावयास मिळाले त्यातून चित्रपटाच्या आशयाचा एक मोठा भाग गळून गेलेला होता, असे मला वाटते. हा भाग कोणता, आणि तो गळणे अपरिहार्यच आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

कपाडिया ह्यांच्या चित्रपटाचा प्रारंभ मुंबईच्या रस्त्यांवरील गर्दीने होतो. त्या दृश्यांवरून काही आवाज ऐकू येतात. बोलणारी माणसे दिसत नाहीत. आपण ह्या शहरात कसे आलो, कसे राहिलो, हे ती निरनिराळ्या भाषांतून सांगत असतात. ह्या आवाजांनी चित्रपटाचा विषय आधीच सांगून टाकला आहे, हे पुढे ध्यानात येते. कथा तीन स्त्रियांची. प्रभा आणि अनू ह्या केरळातून आलेल्या परिचारिका. त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाकाचे काम करणारी पार्वती ही रत्नागिरीकडची. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीस गेला तो जवळजवळ अबोल झाला. अनूचे शियाझ नावाच्या मुसलमान तरुणावर प्रेम आहे. पार्वती ज्या खोलीत वर्षानुवर्षे राहिली ती बिल्डर काढून घेऊ पाहतो, आणि खोली आपली असल्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही. कथानक म्हणावे असे एवढेच.

परंतु ह्या तिघी कोणत्या भाषेत बोलतात हे ऐकले, म्हणजे चित्रपटाचा खरा घाट उमगू लागतो. प्रभा व अनू आपसात मलयाळम बोलतात. मला मलयाळम येत नाही, तेव्हा त्या भाषेपुरता मीही उपशीर्षकांचाच वाचक. प्रभा आणि पार्वती ह्या मात्र एकमेकींशी हिंदीत बोलतात. ही हिंदी दोघींचीही नव्हे. एकीने ती रुग्णांशी बोलता बोलता उचललेली, तर दुसरीच्या हिंदीला कोकणाचा हेल. दोघींचा स्नेह ह्या उसन्या भाषेत वाढला आहे, आणि म्हणूनच त्यांच्या बोलण्यात एक विशिष्ट प्रकारची जपणूक आहे. जे सांगता येते तेवढेच सांगावयाचे, उरलेले शेजारी बसून काढावयाचे. छाया कदम आणि कनी कुश्रुती ह्यांनी हे फार समजून केले आहे. आता ह्याच संवादाचे इंग्रजी उपशीर्षक डोळ्यांपुढे आणावे. तेथे दोघीही सारख्याच सराईत, सारख्याच व्याकरणशुद्ध इंग्रजीत बोलताना दिसणार. कंसाने, तिरक्या अक्षरांनी किंवा रंगाने भाषा बदलली एवढे कळविता येईल. ती भाषा बोलणाऱ्याला कितपत वळते, हे कोणत्याही अक्षराने कळविता येत नाही. परदेशी प्रेक्षकास दोन मैत्रिणी दिसतात. आपल्याला दिसतात त्या एका अनोळखी भाषेचा हात धरून एकमेकींपर्यंत पोहोचणाऱ्या दोन बायका.

त्याच रुग्णालयातील मलयाळी डॉक्टरची गोष्ट ह्याहून करुण आहे. प्रभाविषयी त्याच्या मनात ओढ आहे. तिच्यासाठी तो कविता लिहितो ती आपल्या भाषेत. पण ज्या शहरात राहावयाचे त्या शहराची भाषा त्याला साधत नाही, आणि तिथे राहण्यास काही कारण आहे काय, हे तो प्रभालाच विचारू पाहतो. हिंदी न येणे ही येथे केवळ अडचण नाही. त्याच्या एकटेपणाचे ते परिमाण आहे.

२०२४ साली ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडण्याची वेळ आली तेव्हा निवड ‘लापता लेडीज’ची झाली, आणि कपाडिया ह्यांचा चित्रपट म्हणजे भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटतो, अशा आशयाचा अभिप्राय वृत्तपत्रांतून वाचावयास मिळाला. निवड कोणाची व्हावी हा वेगळा प्रश्न. परंतु हा अभिप्राय कानांनी चित्रपट न ऐकल्याचे लक्षण आहे. केरळची परिचारिका आणि रत्नागिरीची स्वयंपाकीण हिंदीत बोलून आपले दुःख वाटून घेतात, रात्री बिल्डरच्या जाहिरातीवर दगड भिरकावतात, आणि ती जाहिरात उच्चभ्रूंचा मान उच्चभ्रूंनाच असा मजकूर इंग्रजीत मिरवीत असते. हे युरोपात कोठे घडावे? संथ गतीचा आणि मंद उजेडाचा प्रत्येक चित्रपट युरोपीय ठरवावयाचा असेल, तर आपल्या परंपरेतील बरेच काही परक्यांच्या नावे करून द्यावे लागेल.

चित्रपटाचे केरळातील नाव ‘प्रभयाय् निनच्चतेल्लाम्’ असे आहे. इंग्रजी नाव कपाडिया ह्यांच्या मातोश्री, चित्रकार नलिनी मालानी ह्यांच्या चित्रावरून घेतले आहे. ते सुंदर आहे, पण मलयाळम नावात प्रभा, म्हणजे प्रकाश, आणि प्रभा, म्हणजे ती परिचारिका, अशी दोन्ही सामावली आहेत. जर्मनीतील नवऱ्याविषयी तिने जे जे कल्पिले, तेही त्यात आले. मराठी वाचकास हा श्लेष कोणी समजावून देण्याची गरज नाही. इंग्रजीत तो नाहीच.

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र नव्हे. उत्तरार्धात तिघी पार्वतीच्या गावी, कोकणात येतात. आता पार्वती आपल्या मुलखात, आपल्या भाषेत आली, तेव्हा तिचे काही ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा आपण करतो, आणि नेमकी येथेच ती मागे सरते. अनूचे प्रेम आणि प्रभाला भेटणारा, समुद्रातून वाचविलेला तो अनोळखी पुरुष ह्यांच्याकडे चित्रपट वळतो. त्या पुरुषाशी प्रभाचे जे बोलणे होते, तो प्रसंग धाडसाचा आहे आणि कुश्रुती ह्यांनी तो तोलून धरला आहे. तरीही मलयाळमसाठी दिग्दर्शिकेचा कान जितका जागा आहे तितका कोकणातील मराठीसाठी नाही, असे म्हणणे भाग आहे. मुंबईत बेघर झालेली बाई गावी आल्यावर घरी आली काय? हा प्रश्न चित्रपटाने उभा केला आणि सोडून दिला.

एका चित्रपटात अनेक भाषा नांदणे ही आपल्याकडे अगदीच नवी गोष्ट नाही, हेही येथे नोंदले पाहिजे. ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला तो मराठीत व हिंदीत निरनिराळा चित्रित करून. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९) ह्या जोड्याही तशाच. प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या भाषेतला स्वतंत्र चित्रपट द्यावयाचा, हा तेव्हाचा उपाय. तो खर्चाचा होता, पण त्यात प्रेक्षकाचा मान होता. ‘माणूस’मधील त्या सुप्रसिद्ध गीतात शांता हुबळीकर ह्यांची मैना निरनिराळ्या प्रांतांतील गिऱ्हाइकांसाठी निरनिराळ्या भाषांची कडवी गाते. तिच्या धंद्याचे स्वरूप शांतारामबापूंनी एवढ्या एका युक्तीने दाखविले. त्या गीताचे उपशीर्षक इंग्रजीत करू गेल्यास उरते ते फक्त गाणे.

‘कोर्ट’मध्ये तर भाषांतर हाच कथेचा एक व्यापार आहे. प्रथम पाहिला तेव्हा हे मला पुरते जाणवले नव्हते, कारण लक्ष वीरा साथीदार ह्यांच्या लोकशाहीर नारायण कांबळेकडे आणि संभाजी भगत ह्यांच्या गाण्यांकडे लागले होते. कांबळेच्या एका गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप आहे. खटला सत्र न्यायालयात चालतो. माणसे बोलतात मराठीत वा हिंदीत, कायद्याची कलमे वाचली जातात इंग्रजीत, आणि न्यायाधीश साक्षीतील जे त्यांना नोंदण्याजोगे वाटते ते इंग्रजीत सांगून टंकलिखित करवितात. मृत कामगाराच्या विधवेची साक्ष ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ती भूमिका उषा बाने ह्यांनी केली आहे, आणि असे वैधव्य त्यांच्या स्वतःच्याही वाट्यास आलेले. आत वायू आहे की नाही हे कळावे म्हणून नवरा आधी गटारात खडा टाकून पाही, झुरळ बाहेर आले तर उतरे, हे ती कोणताही सूर न लावता सांगते. ते ऐकताना प्रेक्षकाचा श्वास अडतो. न्यायालयाच्या कागदावर त्याचे एक नीटस वाक्य होते. सत्तेची भाषा दुसऱ्याच्या अनुभवाचे काय करते, ह्याचे इतके संयत दर्शन मराठी चित्रपटात मी दुसरे पाहिलेले नाही.

बचावाचा वकील सुखवस्तू गुजराती घरातला. मित्रांत इंग्रजी, घरी गुजराती, आणि मराठी त्याला पुरती वळत नाही. ज्याच्यासाठी तो झगडतो त्याची भाषा त्याची नाही. उलट सरकारी वकील नूतन ही कांबळेच्या भाषेतली. गीतांजली कुलकर्णी ह्यांनी तिला खलनायिका होऊ दिलेले नाही. ती मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी कुटुंबासह परप्रांतीयांची टर उडविणारे नाटक पाहून हसते, आणि कांबळेला तुरुंगात ठेवण्यासाठी निर्विकारपणे युक्तिवाद करते. एक भाषा बोलणारी माणसे एका बाजूस असतात, ही आपली भाबडी समजूत ताम्हाणे ह्यांनी फार शांतपणे मोडून काढली आहे. हे सारे कळण्यासाठी कोण केव्हा कोणती भाषा बोलतो हे ऐकू यावे लागते. उपशीर्षकांत वकील, विधवा, शाहीर आणि न्यायाधीश चौघेही एकाच इंग्रजीचे नागरिक होतात.

‘साबर बोंडं’ची गोष्ट निराळी. तेथे भाषा एकच, ती गावाकडची मराठी. वडील वारल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात. कोणा मुलीने दगा दिला म्हणून तो लग्नास तयार नाही, अशी गोष्ट घरच्यांनी रचून ठेवलेली आहे. बालपणीचा सोबती बाळ्या तेथेच शेळ्या राखतो, आणि दोघांत पूर्वीचे प्रेम पुन्हा उमलते. ह्या नात्यास नाव देण्याचा सोस चित्रपट करीत नाही. आपल्या बोलीत त्याला प्रतिष्ठेचा शब्दही नाही. त्यामुळे सारी जबाबदारी न बोलण्यावर पडते. पार्श्वसंगीताचा आधारही दिग्दर्शकाने घेतलेला नाही. भूषण मनोज आणि सूरज सुमन हे दोघे गप्प बसलेले पाहणे हाच मोठा अनुभव आहे. आईला सर्व माहीत आहे. जयश्री जगताप ह्यांनी ती आई अशी उभी केली आहे, की तिच्या साध्या विचारपुशीतही मुलाची पाठराखण ऐकू यावी. मध्यंतरी नातेवाइकांची तीच ती चौकशी लांबते आणि चित्रपट रेंगाळतो, हे खरे. परंतु सुतक हेच मुळी रेंगाळण्याचे दिवस, तेव्हा त्याबद्दल फार तक्रार करण्याचे कारण नाही.

साबर म्हणजे फड्या निवडुंग, आणि त्याचे तांबडे फळ ते बोंड. बाळ्या ते काटे काढून आनंदसाठी आणतो. शीर्षकातील ‘बोंडं’ हे रूपही महत्त्वाचे आहे. प्रमाणभाषेत ते ‘बोंडे’ झाले असते, आणि एका अनुस्वारात असलेले गाव नाहीसे झाले असते. इंग्रजी नावाने फळ सांगितले, बोली सांगितली नाही. तो भाषांतरकाराचा दोष नव्हे. तेथे दुसरे काय करता आले असते ते मलाही सुचत नाही.

उपशीर्षके लिहिणाऱ्यावर मी टीका करीत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. एका वेळी दोन ओळी, ओळीत सुमारे चाळीस अक्षरे आणि वाचण्यास फार तर सहा-सात सेकंद, एवढ्या जागेत त्याला माणूस उभा करावयाचा असतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ह्यांतील अंतर इंग्रजीत मुळातच नाही. ते अंतर जपण्यासाठी कादंबरीच्या अनुवादकास पुढचे पान असते, ह्याला पुढचा क्षणही नसतो. प्रश्न आहे तो आपल्या सवयीचा. मलयाळम, बंगाली वा आसामी चित्रपट आपण इंग्रजीच्या मध्यस्थीने पाहतो, आणि त्यात काही उणे आहे असे आपल्याला वाटतही नाही. भारतीय भाषांतील साहित्याचे परस्पर अनुवाद थेट व्हावेत असा आग्रह आपण निदान शब्दांत तरी धरतो. चित्रपटाच्या बाबतीत तो आग्रहही ऐकू येत नाही.

समजा, कपाडिया ह्यांच्या चित्रपटाला मलयाळममधून थेट मराठी उपशीर्षके केली. प्रभा व अनू ह्यांचे बोलणे तळाशी मराठीत येईल. प्रभा पार्वतीशी बोलू लागली की ती हिंदी तशीच ठेवावयाची, तिचे भाषांतर करावयाचे नाही, कारण मुंबईची हिंदी आपल्या प्रेक्षकास येते. तिच्यातील अडखळणेही त्याला आपोआप ऐकू येईल. आणि पार्वती कोकणात पोहोचून आपल्या माणसांशी बोलेल तेव्हा पडद्याचा तळ अगदी कोरा राहील.