परिचयलेखनातील कर्ता आणि कर्म

लिंक्डइन या व्यावसायिक परिचयाच्या माध्यमाने २०२४ साली मराठीचा अंगीकार केला. नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधराला तेथे स्वतःचा परिचय लिहावा लागतो. या लेखनाकडे एक स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून पाहणे व त्याचे गुणदोष तपासणे आता अगत्याचे झाले आहे.

त्याचे महत्त्व प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी १९७३ साली प्रसिद्ध केली. वार्ता देणाऱ्याशी आपली वारंवार भेट होत असे, असे सांगणारे त्यांत १६.७ टक्केच निघाले. उरलेल्यांच्या भेटी अधूनमधून किंवा क्वचितच होत. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपणांसही ठाऊक असते, हे त्याचे कारण होय. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत बेताच्या दूरच्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. राळेगावसारख्या कापसाच्या तालुक्यातील पदवीधराला घरोब्याच्या ओळखींची वानवा नसते; वानवा असते ती अशा दूरच्या ओळखींची. हा वशिला नव्हे. वशिल्यात देणाऱ्याचे वजन चालते. येथे केवळ वार्ता हाती येते.

परंतु दूरचा माणूस आपणांस जाणत नाही. त्याच्यापुढे आपला लेखच काय तो बोलतो. आणि बहुधा तो ‘मी कष्टाळू आहे, मी उत्साही आहे’ एवढेच बोलतो. जुन्या पत्रातील ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ अशा मायन्याने लिहिणारा व वाचणारा यांचे नाते आरंभीच ठरत असे. परिचयलेखाला निश्चित वाचक नसल्यामुळे तू, तुम्ही की आपण हे ठरतच नाही. सारे लेखन ‘मी’भोवती फिरते व मराठी कानाला आत्मस्तुतीसारखे लागते.

यावरचा उपाय मराठीच्या व्याकरणातच आहे. ‘मी कष्टाळू आहे’ या कर्तरी वाक्यात क्रियापद ‘मी’ला अनुसरते. ‘मी कापूसशेतीतील वऱ्हाडी शब्द जमवले व त्यांची सूची केली’ या कर्मणी रचनेत ‘मी’ तृतीयेत जातो (जुन्या मराठीतील ‘म्यां’ तो हाच). ‘जमवले’ हे शब्दांना आणि ‘केली’ हे सूचीला अनुसरते. कर्ता सांगितला जातो, पण वाक्यावर सत्ता कामाची राहते. यात विनय सुटत नाही व माहितीही लपत नाही.

अर्थात् केवळ प्रयोग बदलून भागणार नाही. ‘मी क्रांती केली’ हेही कर्मणीच आहे. कर्म असे हवे की अपरिचित वाचकाला ते पडताळून पाहता यावे : सूची असेल तर ती किती शब्दांची, कोणत्या गावांतून जमविलेली, कोठे पाहावयास मिळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या परिचयलेखाचे परीक्षण करताना अध्यापकांनी विशेषणे बाजूस ठेवून प्रथम ही कर्मे मोजावीत.