‘तृतीय रत्न’ आणि धारवाडची शाळा

जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. जोशाच्या भूलथापांना फसलेले कुणबी जोडपे अखेरीस फुल्यांच्याच रात्रशाळेत जाण्याचे ठरविते. रचना सैल आहे. विदूषक तर लेखकाचेच बोल बोलतो. हा शेवट प्रचारकी आहे, असे मलाही पूर्वी वाटे. परंतु पुढच्याच वर्षी आपल्या धारवाडात एका महार मुलाला सरकारी शाळेने प्रवेश नाकारला. न्याय त्याच्याच बाजूचा, हे मुंबई सरकारने मान्य केले. मात्र एकादोघांसाठी जुन्या पूर्वग्रहांना हात घातल्यास शिक्षणाचेच नुकसान होईल, असे म्हणून ते स्वस्थ बसले. नाटकातल्या जोडप्याला दार उघडे मिळते, कारण ती शाळा नाटककाराने स्वतः काढलेली होती.