आरोग्यशिक्षणातील वर्गचाचण्यांची विश्वसनीयता

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षणपरिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. पुढे झाकिर हुसेन समितीने प्रचलित परीक्षापद्धतीवरही कठोर टीका केली. त्याच वर्षी अमेरिकेत कूडर व रिचर्डसन यांनी एकाच परीक्षेच्या उत्तरांवरून कसोटीची विश्वसनीयता काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. हाताच्या कामाची प्रतिष्ठा आणि मोजणीची शिस्त, या दोहोंचीही परिचारिका-शिक्षणास गरज आहे. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तेथे तर हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

वर्गचाचणीचे गुण हे मोजमाप होय, आणि प्रत्येक मोजमापात त्रुटी असते. समजा, पन्नास गुणांच्या चाचणीचे प्रमाण विचलन ५ व विश्वसनीयता-गुणक ०·६४ आहे. तर मापनाची प्रमाण त्रुटी ३ गुण येते. उत्तीर्णतेची रेषा २५ असता, २४ गुणांची विद्यार्थिनी अपात्र व २६ गुणांची पात्र ठरविण्यास अशा चाचणीत पुरेसा आधार नाही. तशाच प्रश्नांची संख्या दुप्पट केल्यास स्पिअरमन-ब्राउन सूत्रानुसार गुणक सुमारे ०·७८ होतो. दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

तथापि गुणकावरच सर्व भिस्त ठेवणेही चुकीचे होय. सर्वच विद्यार्थिनींनी विषय उत्तम आत्मसात केला, तर गुणांतील अंतर आकसते आणि गुणक खाली येतो. त्यावरून चाचणी वाईट ठरत नाही. उलट, पाठांतरावर बेतलेल्या प्रश्नांचा गुणक उच्च येऊनही रक्तदाब बिनचूक मोजता येतो की नाही, हे कळत नाही. विश्वसनीयता म्हणजे यथार्थता नव्हे. प्रात्यक्षिकात तर परीक्षकही मापनसाधनाचाच भाग बनतो. १९७५ साली हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या रचनाबद्ध परीक्षेने ठरावीक कामे व तपासणीसूची यांच्या साहाय्याने ही उणीव कमी केली. परंतु कामे मोजकीच घेतल्यास तीही अपुरी पडते, कारण एका कामातील नैपुण्य दुसऱ्याची ग्वाही देत नाही.

पात्र मुलगी नापास झाल्यास तिचे वर्ष जाते. अपात्र उत्तीर्ण झाल्यास त्याची किंमत खेड्यातील बाळंतिणीस मोजावी लागते. म्हणून सीमारेषेवरील प्रत्येक विद्यार्थिनीची पुन्हा चाचणी घेणे, दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण देणे आणि अनेक प्रसंगी प्रत्यक्ष काम पाहणे, हे शिक्षकाचे औदार्य नसून कर्तव्य ठरते.