लुप्त प्राण्यांचे वर्गीकरण आणि नामाची भाषा

राधानगरीच्या डोंगरांतील कृष्णपाषाण लाव्हारसापासून बनला असल्यामुळे त्यात प्राण्यांचे अवशेष सहसा आढळत नाहीत. त्याच दख्खनी उद्रेकाच्या दोन प्रवाहांमधील विश्रांतिकाळात साचलेल्या गाळाच्या थरांत मात्र ते आढळतात. मुंबईतील वरळीचा अश्मीभूत बेडूक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. वर्गीकरणाच्या भाषेची परीक्षा करण्यास या एका प्राण्याच्या नामांतराचा इतिहास पुरेसा आहे.

रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यास ‘राना पुसिल्ला’ म्हटले. स्टोलिच्का यांनी १८६९ मध्ये त्याचा समावेश ‘ऑक्सिग्लॉसस’ या वंशात केला. नोबल यांनी १९३० मध्ये त्याच्यासाठी ‘इंडोबॅट्राकस’ हा स्वतंत्र वंश कल्पिला. या प्रवासात ‘पुसिल्ला’चे ‘पुसिल्लस’ झाले. कारण ‘राना’ हे लॅटिन नाम स्त्रीलिंगी, तर पुढील दोन्ही नामे पुल्लिंगी आहेत. ‘इवली बेडकी’ व ‘इवला बेडूक’ यांत मराठी विशेषण बदलते, तसाच हा प्रकार. म्हणजे जातिवाचक पदाचा प्रत्यय व्याकरणाने बदलला आणि वंशनाम मताने बदलले. हा भेद न जाणणारा वाचक तीन नावांत तीन प्राणी पाहतो.

या वंशनामांची योग्यताही सारखी नाही. ‘ऑक्सिग्लॉसस’ म्हणजे तीक्ष्ण जिभेचा. हे नाव जिवंत बेडकांवरून आलेले. शिळेत तर अस्थीच उरल्या आहेत. ‘इंडोबॅट्राकस’ केवळ स्थळ सांगते. नोबल यांनी या प्राण्याचे नाते ऑस्ट्रेलियातील बेडकांशी जोडले. पुढे त्याविषयी एकमत राहिले नाही. तरीही नाव अबाधित राहिले, कारण नात्याविषयी ते काहीच प्रतिपादन करीत नाही. पुराजीव महाकल्पातील मँटिस श्रिंपांसाठी ब्रूक्स यांनी १९६२ मध्ये योजलेली ‘पॅलिओस्टोमॅटोपोडा’ ही संज्ञा प्राचीनत्व दर्शविते. परंतु हा गट एका स्वतंत्र शाखेचा, की आजच्या मँटिस श्रिंपांकडे नेणाऱ्या पायऱ्यांचा, हा प्रश्न प्राचीनत्वाने सुटत नाही.

प्राणिशास्त्राच्या संकेतानुसार वरळीच्या बेडकाच्या नावापुढे ओवेन यांचे नाव व वर्ष कंसात लिहितात. मूळ वंश बदलल्याची ती खूण आहे. मराठीत लिहिताना हा कंस क्षुल्लक मानून गाळला, तर विद्यार्थ्याच्या हाती केवळ निर्णय येतो. त्यामागील वाद हरवतो. म्हणून आमच्या परिभाषाकारांनी व पाठ्यपुस्तककारांनी तो कंस कटाक्षाने राखावा.