अन्नसाखळीचा बाण आणि खारेपाटातील जिताडा

शालेय पुस्तकांतून अन्नसाखळीची एक आकृती हमखास भेटते: प्लवक, लहान मासा, मोठा मासा आणि त्यांना जोडणारे बाण. आकृती चुकीची नाही. परंतु तळ्यात लहान मासे किती उरतात व का, याविषयी ती काहीच सांगत नाही आणि परीक्षेतही त्यापुढचे विचारले जात नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यांत जिताडा पाळतात. खाडीत मिळालेली पिल्ले तळ्यात सोडली जातात. जिताडा भक्ष्याचे तुकडे करीत नाही, ते सबंध गिळतो. म्हणून तोंडात मावेल तेच त्याचे भक्ष्य. आकृतीत तो 'मोठा मासा' ठरतो, पण त्याचे पिल्लू पुष्कळदा थोराड भावंडाच्याच तोंडी पडते. आपल्या निम्म्याहून अधिक लांबीचे भावंडही जिताडा गिळू शकतो. म्हणूनच मत्स्यसंवर्धनात ही पिल्ले आकारानुसार पुन्हा पुन्हा वेगळी करावी लागतात.

पिल्लू जितके लवकर वाढेल, तितका त्याचा धोक्याचा काळ कमी. अन्न अपुरे पडले की वाढ मंदावते व ते अधिक दिवस गिळण्याजोगे राहते. उपासमार आणि शिकार ही मृत्यूची कारणे अशी एकमेकांत गुंतलेली असतात. आसऱ्याचेही तसेच. कांदळांच्या मुळांत, पाणवनस्पतींत पिल्ले लपतात. हा आसरा गेला, तर भक्षकांची संख्या तीच राहूनही पिल्ले घटू शकतात.

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात जिताड्याचाच भाऊबंद, नाइल पर्च, सोडण्यात आला. १९८० च्या दशकात तेथील लहान सिक्लिड माशांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या. मात्र त्याच सुमारास सरोवरात शेवाळ माजले होते आणि खोल पाण्यातील ऑक्सिजन घटला होता. सारा दोष एकट्या भक्षकाचा नव्हे. उलट, तिलापियाची बेसुमार वीण झालेल्या तळ्यात जिताडा सोडला, तर गर्दी विरळ होऊन उरलेले मासे चांगले पोसतात. बाण तोच, परिणाम मात्र निराळे.

शिक्षकांनी आकृती फळ्यावर जरूर काढावी. पण बाणाशेजारी विचारावे: भक्ष्याचा आकार केवढा? ते किती दिवस त्या आकाराचे राहते? लपायला जागा आहे का? तळ्यात नवा मासा सोडावा की नाही, खाडीकाठची कांदळवने राखावीत की नाही, हे उद्या याच मुलांना ठरवायचे आहे.