तळहातावरची काटकसर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगा ओलांडली की तेलुगू मुलूख लागतो अशा झरी जामणी तालुक्यात बसून व्हिडिओ गेमच्या कलेची कैफियत मांडणे कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु जी कला विजेच्या काटकसरीतूनच आकारास आली, तिचे मर्म, ‘लाइन गेली’ हे शब्द ज्यांच्या कानांस सरावाचे आहेत त्यांना अधिक सहजपणे उमगते, असे माझे मत आहे.

निंटेंडो या जपानी कंपनीतील गुनपेई योकोई यांनी आगगाडीत कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणे दाबीत बसलेला एक प्रवासी पाहिला आणि त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे खिशात मावणारे यंत्र सिद्ध झाले, असे सांगतात. नव्या यंत्रविद्येच्या मागे न धावता, जी जुनी व स्वस्त झाली आहे, जिचे गुणदोष पुरते कळले आहेत, तीच अनपेक्षित कामी लावावी, हा योकोईंचा दस्तूर. १९८९ चा ‘गेम बॉय’ याच दस्तुराचे अपत्य होय: पडदा शेवाळी, रंग नाहीत, आतून उजेडही नाही, पण चार पेन्सिल सेलांवर तो दहा तासांहून अधिक चाले. त्याच वर्षीचा अटारीचा ‘लिंक्स’ आणि पाठोपाठ आलेला सेगाचा ‘गेम गिअर’ हे रंगीत व उजळ प्रतिस्पर्धी सहा सेल चार-पाच तासांत फस्त करीत. ग्राहकांनी निवाडा दिला तो गेम बॉयच्या बाजूने. त्याची व त्याच्या रंगीत आवृत्तीची मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रे खपली. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये रचलेल्या व गेम बॉयवर खेळल्या जाणाऱ्या ‘टेट्रिस’ला तर रंगांची गरजच नव्हती, पडणारे चौकोन आणि भरत जाणारी ओळ एवढेच तिचे भांडवल.

आपल्याकडच्या पोट्ट्यांना ही विद्या निंटेंडोच्या नव्हे, तर जत्रेत मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’च्या रूपाने भेटली. डबीवर ९९९९ खेळांचा दावा छापलेला असे. आत खेळ मोजकेच, तेच वेगवेगळ्या गतीने पुन्हा पुन्हा मांडलेले! फसवणूक खरी, पण तीत कोणी रडल्याचे स्मरत नाही.

पुढे १९९७ मध्ये नोकियाच्या फोनमध्ये खेळातला साप शिरला आणि खेळाचे स्वतंत्र यंत्र घेण्याची निकडच हळूहळू उरली नाही. मात्र फोनने हातातल्या खेळाची सोय उचलली, संयम उचलला नाही. एकदा मोल देऊन घेतलेला खेळ संपविता येई. फुकट मिळणारा खेळ संपू नये, खेळणाऱ्याने रोज परतावे व थोडेथोडे द्यावे, अशीच त्याची तजवीज असते. अशाच फुकट खेळांपैकी पबजी सप्टेंबर २०२० मध्ये सरकारी हुकुमाने बंद झाला; २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला.

त्याच २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा देखणा खेळ सर्वप्रथम निंटेंडो स्विचवर, म्हणजे ज्या यंत्राची आपल्याकडे अधिकृत विक्रीच नव्हती त्यावर, प्रसिद्ध केला. पुण्यात जन्मलेली त्यातली नायिका राजी आधी इंग्रजीत बोलली, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदीतही बोलू लागली. चित्रणात ती सरस आहे. भाषेच्या बाबतीत मात्र तिने झरीच्या वाचकास दूरच ठेवले.

आणि येथे, लाइन गेलेल्या संध्याकाळी, फोनचा चार्ज उतरू लागला की पोट्टे आधी पडद्याचा उजेड मंद करतात, मग आवाज बंद करतात, आणि डाव तेवढा चालू ठेवतात.