रुंदी

मापांच्या कुटुंबात रुंदी ही धाकटी जाऊ. लांबी थोरली, तिचं नाव नेहमी आधी. 'रुंदी-लांबी' म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. उंचीला मान आहे. शालूसुद्धा 'उंची' असतो. खोलीला विद्वानांचा नमस्कार. रुंदावतं काय? एक कंबर, नाहीतर वर्तमानपत्रातली दोन गटांमधली दरी!

बाजारात मात्र हिचा थाट पाहावा. अकलूजच्या कापडदुकानात 'याची रुंदी किती?' असं विचारलंत तर दुकानदार तुम्हाला गणिताचे मास्तर समजेल. तिथं विचारायचं, 'पन्हा किती?' हा पन्हा फारसीतून आला. कैरीच्या पन्ह्याशी त्याचं काही नातं नाही. लुगड्याचा काठ बोटांनी मोजायचा, चार बोटं की वीतभर. गावाबाहेर उसात गेलात तर सरी चार फुटी की साडेतीन. नीरेला काठ असले तरी बोटं उपयोगी नाहीत. तिथं पात्र म्हणायचं. थोडक्यात, बोलण्यात रुंदी क्वचितच येते. ज्याची त्याची रुंदी ज्याचा त्याचा शब्द घेऊन येते, आणि शब्दाबरोबर वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते.

माझी तक्रार आहे ती 'रुंदीकरण' या कचेरीतल्या शब्दाबद्दल. यात ना बोट, ना वीत. काय रुंद होणार ते कळतं, काय अरुंद होणार ते कळत नाही. रस्ता काही रबराचा नसतो. तो दहा फूट वाढला की कुणाचा तरी ओटा, कुणाची तरी टपरी, एखादा वड तेवढा मागं सरतो. वडाला तर सरताही येत नाही. याला 'अरुंदीकरण' असा शब्द अजून कुणी काढलेला नाही.

रुंदी नकोच असं नव्हे. तुकोबांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होतं. (वर्तुळात लांबी-रुंदीचं भांडणच नाही!) एवढ्या पावलांना वाट हवीच. त्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली; चालणाऱ्यांसाठी दोन्ही कडांना वेगळी वाटही ठरली. इथं मात्र कचेरीनं नकळत घरातला शब्द उचलला: पदर. आपल्याकडे 'पदरचं' म्हणजे स्वतःचं. तेव्हा रस्त्याला नवा पदर जोडताना एवढंच विचारावं, हा कुणाच्या पदरचा? पन्हा कमी पडला तर शिंपीसुद्धा गिऱ्हाइकाला विचारूनच जोड लावतो.